हाताला मानवलेला कीबोर्ड

दुखणं ऑफिसातच सुरू झालं असणार, पण मला ते कळलं स्वयंपाकघरात. कणीक मळता मळता उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. मुंग्या आल्या असतील म्हणून हात झटकला, नळाखाली धरला आणि पुन्हा मळायला घेतलं. मग कुकरचं झाकण लावताना मनगटातून कळ जायला लागली. मग डावा हातही त्याच वाटेला लागला. ओटा पुसून झाल्यावर फडकं पिळायचं काम मी नवऱ्याकडे दिलं. त्याने कारण विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं असतं की नाही, शंकाच आहे.

मी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. आधी हे बटण दाबा, मग ते दाबा, असं जे लिहिलेलं असतं आणि जे कुणी वाचत नाही, ते कुणीतरी लिहावं लागतं. दिवसभर टायपिंग. आम्ही राहतो मारतहळ्ळीला, ऑफिस रिंग रोडवर, नवरा सरकारी विमान कारखान्यात इंजिनिअर. त्याची नोकरी पक्की; माझी कागदावर पक्की, पण कधीही जाऊ शकणारी. त्या दिवसांत तर आमच्या ऑफिसातली हवा फारच वाईट होती. सकाळी कुणीतरी दारावर ओळखपत्र टेकवायचं आणि दार उघडायचंच नाही. मग रखवालदार त्याला बाजूला बसवायचा आणि आम्ही बाकीचे खाली मान घालून आत जायचो. पाठदुखीमुळे घरून काम करू द्या म्हणणारा एक जण आमच्या मजल्यावर होता, तोही असाच गेला. त्याच्या जाण्याचा पाठदुखीशी संबंध होता की नव्हता, कुणालाच माहीत नव्हतं. पण आम्ही सगळ्यांनी तो लावला.

म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेला मनगटाचा पट्टा मी फक्त घरी बांधायचे. ऑफिसच्या दारात शिरण्याआधी तो काढून पर्समध्ये, आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा हातात.

शेवटी इंदिरानगरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्याच वयाची बाई होती. तिने मला समोरच्या रिकाम्या टेबलावर टाइप करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही टाइप नाही करत. तुम्ही ठोकता." लॅपटॉपची बटणं उथळ असतात, तिने समजावलं, बोट दर वेळी खालच्या पत्र्यावर आपटतं. शिवाय दोन्ही हात जवळ ओढून मनगटं बाहेरच्या बाजूला वाकवलेली. दिवसातून हजारो वेळा तेच. तिने सुचवलं, दोन तुकड्यांत येतो तसला कीबोर्ड घ्या, खोल बटणांचा. बटण अर्ध्यावर गेलं की बोटाला एक बारीक अडथळा लागतो, अक्षर तिथेच उमटतं, पुढे दाबायचं नाही. "हे औषध नाही," ती म्हणाली, "पण हाताला सवलत मिळेल."

तसले कीबोर्ड विकणारं एक दुकान तिथून जवळच होतं, जिना चढून वर. एका लांब टेबलावर दहाबारा कीबोर्ड मांडून ठेवले होते, साड्यांच्या दुकानात उघडून ठेवतात तसे. मी एकावर बोटं ठेवून लिहायला लागले तर मालक पलीकडून कानडीत म्हणाला, "स्वल्प मेल्लगे ओत्ति, मॅडम." जरा हळू दाबा. म्हणजे त्यालाही ते ऐकू येत होतं.

किंमत ऐकून नवऱ्याने विचारलं, "त्याच्याबरोबर कॉम्प्युटर पण देतात का?" पण पैसे त्यानेच भरले. घरी आल्यावर खोका उघडला, दोन्ही तुकडे उचलून पाहिले आणि म्हणाला, "धातूचं काम चांगलं केलंय." कारखान्यातल्या माणसाची यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

सुरुवातीचे दिवस हैराण करणारे होते. दोन तुकड्यांच्या मध्ये वीतभर मोकळं टेबल असतं. इंग्रजीतलं बी हे अक्षर मी जन्मभर उजव्या हाताने मारत आले होते, आणि ते या कीबोर्डवर डाव्या तुकड्यात. माझं बोट दर वेळी जाऊन लाकडावर आपटायचं. ज्या सॉफ्टवेअरची पुस्तिका मी लिहीत होते त्याच्या नावातच तो बी होता. जे काम दुपारपर्यंत व्हायचं ते संध्याकाळपर्यंत रेंगाळायला लागलं. कीबोर्ड जड इतका की रोज ऑफिसात नेता-आणताना खांदा भरून यायचा. मनगटासाठी घेतलेल्या वस्तूने खांदा धरला, असं मी नवऱ्याला वैतागून सांगितलंही.

पण मग एका रविवारी पोळ्या लाटून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आज बोटं बधिर झालीच नाहीत. मी उगाच आणखी दोन पोळ्या लाटल्या. हळूहळू बी सापडायला लागला. वेग परत आला, मग वाढला. आणि आवाज! तो मला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. लॅपटॉपची बटणं पत्र्यासारखी वाजतात. याचा आवाज भरीव होता, लाकडी पेटीचं झाकण बसावं तसा. एखादं वाक्य जमून आलं की तो सलग यायचा आणि मलाच बरं वाटायचं. ऑफिसात काम करताना मी कधीकाळी हसत असेन असं मला आठवत नाही. त्या दिवसांत हसत होते म्हणे. हे मला नंतर सांगितलं गेलं.

सांगणारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. मी तिला निपाणीची म्हणते; ते तिचं खरं गाव नाही, त्या बाजूचं दुसरं एक आहे. आमच्या रांगेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझं मराठी नाशिकचं, तिचं सीमेवरचं. बाई असूनही "मी येतो, मी जेवलो" म्हणायची. माझ्याहून बरीच लहान, अजून लग्न व्हायचं होतं, कोरमंगलाला थोरल्या बहिणीच्या घरी राहायची. मला अक्का म्हणायची. आधी वाटलं की ऑफिसात हे बरं दिसत नाही, मग सवय झाली, मग तिने एखाद्या दिवशी नुसतं "अहो" म्हटलं तर चुकल्यासारखं वाटायला लागलं. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. तिच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची, माझ्या डब्यातली भाजी ती पळवायची. तिला कंत्राटावर घेतलं होतं. पक्की करू असं दोनदा सांगून झालं होतं.

कीबोर्ड आणल्यावर थोड्याच दिवसांत ती कानांवर मोठे हेडफोन लावून बसायला लागली. मी हाक मारली की एक बाजू जरा उचलायची, हो-नाही म्हणायची आणि पुन्हा लावायची. मग लॅपटॉप उचलून कॅन्टीनमध्ये जाऊन बसायला लागली. जेवायच्या वेळी म्हणायची, "तू हो पुढं, माझं अजून व्हायचंय." त्याच सुमारास एका मोठ्या पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं होतं, जे तिलाही हवं होतं. मी समजले की राग त्याचा आहे. तरुण आहे, निवळेल, म्हणून मी विषय काढला नाही. माझे हात बरे होत होते आणि त्या आनंदात मला दुसरं फारसं काही दिसतच नव्हतं.

मग एके दिवशी मॅनेजरने बोलावलं. भला माणूस होता, उत्तरेकडचा, कुणाला काही वाईट सांगायचं असलं की आधी चष्मा पुसायचा. चष्मा पुसून म्हणाला, "मैडम, वो आपका कीबोर्ड… फ्लोर से कंप्लेंट आई है." कुणी केली ते सांगता येणार नाही. आवाजामुळे कामात व्यत्यय येतो. छंद म्हणून छानच आहे, पण घरी वापरलात तर बरं होईल.

छंद. त्या एका शब्दावर मला सगळं सांगून टाकता आलं असतं. छंद नाही, माझी बोटं बधिर होतात, फिजिओथेरपिस्टने सांगितलंय. ओठांपर्यंत आलं होतं. पण पाठदुखीवाला आठवला, त्याचं दारावर न चाललेलं ओळखपत्र आठवलं, आणि मी म्हणाले, "ठीक है सर, मैं घर पे रख दूँगी."

तक्रार कुणाची, याबद्दल मला शंकाच नव्हती. माझ्या मागे एक जण बसायचा, तासन् तास मोठ्या आवाजात फोनवर बोलायचा. स्वतः एवढा गोंगाट करतो आणि माझ्या टायपिंगचा याला त्रास! मी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकदा तो फोनवर असताना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "इथे लोक काम करतायत, बाहेर जाऊन बोला." तो लालबुंद झाला. त्यानंतर बिचारा जिन्यात उभा राहून बोलायचा, पावसाळ्यातसुद्धा, आणि तिथे पाणी ठिबकायचं.

मी परत लॅपटॉपच्या बटणांवर आले. आठवडाही गेला नसेल, बोटं पुन्हा बधिर. आधीपेक्षा जास्त. कळ आता कोपरापर्यंत जायची. एका सकाळी स्टीलचा भरलेला डबा हातातून निसटला आणि आमटी जमिनीवर पसरली. नवरा ते पुसत असताना म्हणाला, "ऑफिसात सांग ना एकदाचं." मी त्याच्यावर ओरडले. पक्क्या नोकरीतल्या माणसाला असं बोलणं सोपं असतं, असं काहीतरी म्हणाले.

त्याच दुपारी निपाणीची माझ्याबरोबर जेवायला आली. बऱ्याच दिवसांनी. हेडफोन नव्हते. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याकडे मन मोकळं करायला लागले. कुणीतरी माझी तक्रार केली, नाव न सांगता, कसले लोक असतात, तोंडावर बोलायची हिंमत नाही. ती भाकरीचा तुकडा मोडत होती तो तसाच हातात राहिला. आमचं टेबल कोपऱ्यात होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मीच केलो, अक्का," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "काय केलंस?"

"तक्रार. मीच केलो."

तिने भाकरी डब्यात ठेवली आणि एकदम बोलायला लागली, भराभर, जणू थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही. गेल्या वर्षी एका सकाळी उठली तर डाव्या कानाने काही ऐकूच येईना. सर्दीने दडा बसला असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं, कारण त्या आठवड्यात काम संपवून द्यायचं होतं. डॉक्टरकडे गेली तेव्हा उशीर झाला होता. थोडं ऐकू यायला लागलं, पण त्या कानात सतत शिट्टी वाजते. आणि बारीक, टोकदार आवाज सहन होत नाहीत. ताटातला चमचा, पेनाचं बटण. माणसं बोलतात त्याचं काही वाटत नाही. मी तिच्या डाव्या हाताला बसायचे.

"तुझं ते सुरू झालं की कानात सुया टोचल्यासारखं व्हायचं बघ. घरला जाऊन अंधारात पडून राहायचो. बहिणीची पोरं दार वाजवायची, ते बी नको वाटायचं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तू किती खूश होतीस. कधी नव्हं ते हसत बसायचीस. आन् पक्की करायच्या टायमाला कानाचं कळलं तर? घरात लग्नाचं चाललंय, तिकडं कळलं तर?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, हौसेनं घेतलीयास. हौसच असंल तर घरी ठेवशील, तुझं काय जाणार नाही."

तेव्हा मी तिला माझे हात दाखवले. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं, दोन साधे हात, पण मी ते टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. ती रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो तिचा कान ऐकूनही जात नव्हता. तिला माझी भाजी चालत होती, मला अक्का म्हणणं चालत होतं, आणि तरी ती मला ओलांडून थेट मॅनेजरकडे गेली. मी तसं बोललेही. ती म्हणाली, "तू तरी हाताचं कुठं सांगितलीस?" मी डब्याला झाकण लावलं आणि उठले.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, शनिवारी येतेस का इंदिरानगरला? त्या दुकानात बटणं बदलून मिळतात, कमी आवाजाचीही असतात. ती आली.

दुकानात ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, डोळे मिटून. मालकाने माझ्यासमोर बटणांचे नमुने ठेवले, लाकडी पट्टीवर ओळीने बसवलेले. मी एकेक दाबायचे आणि तिच्याकडे बघायचे.

"हे?"

"सुई."

"हे?"

"हे बी सुईच. जरा बोथट."

मालक माझ्याकडे बघे, तिच्याकडे बघे. "यारिगे बेकु?" त्याने विचारलं. हवंय कुणाला?

"इब्बरिगू," ती डोळे न उघडता म्हणाली. दोघींना.

जे बटण माझ्या बोटाला मानवायचं ते तिच्या कानाला टोचायचं. बोटाला लागणारा तो अडथळाच आवाज करत होता. शेवटी तिने मान डोलावली ती एका अगदी मऊ बटणावर. आतून रबर लावलेलं, दाबलं की उशीवर बोट टेकल्यासारखं. आवाज जवळजवळ नाही. पण अडथळाही नाही. बोट थेट तळाला जायचं. मला ते दाबताक्षणीच कळलं होतं. तरी मी म्हणाले, हेच द्या. मालकाने सगळी बटणं बदलून दिली. खाली उतरल्यावर आम्ही कॉफी प्यायलो आणि खूप हसलो, कशावर ते आठवत नाही. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं होतं की प्रश्न सुटला.

सोमवारी कीबोर्ड परत ऑफिसात नेला. मॅनेजरला आवाज ऐकवला. त्याने अंगठा वर केला. काही दिवस बरे गेले. मग हात पुन्हा बोलायला लागले. मी तिला सांगितलं नाही. ती मध्येच विचारायची, "हात बरा हाय न्हवं?" मी म्हणायचे, "छान आहे गं. तुझा कान?" ती म्हणायची, "काय बी त्रास नाही." पण मी तिच्याकडे चोरून बघायचे, तर बटणांच्या उरलेल्या बारीक आवाजानेही तिचा जबडा घट्ट आवळलेला असायचा, मी लिहायची थांबले की सैल व्हायचा. दोघी एकमेकींना जपत होतो आणि दोघींचं दुखणं वाढत होतं. माझ्या घरी मी चिडचिडी झाले होते. तिच्या घरी काय चाललं होतं, देव जाणे.

फिजिओथेरपिस्टने हात तपासले आणि सरळ रागावली. असंच चाललं तर ऑपरेशन करावं लागेल, म्हणाली. त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचं. निपाणीचीला म्हणाले, आपण दोघी मिळून जाऊ, दोघींचं एकदम सांगू. तिने नकारार्थी मान हलवली. "तू पक्की हायस, अक्का. मी नाही."

मी एकटी गेले. मॅनेजरने चष्मा पुसला नाही, उलट उठून पाणी आणून दिलं. कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या विभागातली एक बाई पडद्यावर आली आणि फार गोड आवाजात म्हणाली की तुम्ही हे आधीच सांगायला हवं होतं. आठवड्याच्या आत मला काचेच्या दाराची एक छोटी खोली मिळाली. दोघातिघांच्या मीटिंगसाठी असतात त्यांपैकी एक, दारावर माझ्या नावाची पट्टी. ज्या भीतीने मी इतके महिने हात लपवले होते, ती खोटी होती की माझं नशीब चांगलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी जुनी बटणं परत बसवून घेतली. दार लावून मनसोक्त लिहायला लागले. लोक येऊन कौतुकाने बघायचे, दाबून पाहायचे, विचारायचे, घेण्यासारखा आहे का? मी खरं सांगायचे. मनगटं सरळ राहतात, बोटं आपटत नाहीत, एखादं बटण बिघडलं तर तेवढंच बदलता येतं, आणि त्याच्यावर लिहायला बसावंसं वाटतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण जड आहे, फार महाग आहे, शिकायला महिना जातो, तोवर कामात मागे पडता. एकदा सवय झाली की दुसऱ्या कुठल्याच कीबोर्डवर हात चालत नाही. आणि तुमच्या शेजारी कोण बसतं ते आधी बघा. हे शेवटचं लोकांना गंमत म्हणून सांगितल्यासारखं वाटायचं.

माझ्या जुन्या खुर्चीवर एक नवीन मुलगा आला. विचार करताना पेनाचं बटण दाबत राहायची त्याला सवय होती. काचेतून मला ते दिसायचं, ऐकू यायचं नाही. त्याच्या पलीकडे निपाणीची, तळहाताने डावा कान झाकून, कोपर टेबलावर टेकवून बसलेली. बघणाऱ्याला वाटावं, कंटाळलीय.

मला ते बघवेना. खोलीबरोबरच मला आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची परवानगीही मिळाली होती, त्या दिवशी खोली रिकामी असायची. मी मॅनेजरला म्हणाले, त्या दिवशी तिला बसू द्या तिथे. तो म्हणाला, खोली तुमच्या नावावर दिलीय, वैद्यकीय कारणासाठी. आणि मग सहज विचारलं, "पण तीच का?"

मी थांबले. फार नाही, एखादा क्षणच. "असंच," मी म्हणाले, "तिचं काम शांततेत चांगलं होतं." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

संध्याकाळी ती गाड्या लागतात तिथे माझी वाट बघत उभी होती. "सरांनी मला आत बोलावून विचारलं, तुम्हाला काही त्रास आहे का म्हणून. काय बोललीस तू?"

"काहीच नाही. खोलीबद्दल विचारलं फक्त."

"मग ते असं का विचारतील?"

"अगं, मी शपथेवर सांगते…"

"मी तुला सांगितलो होतो, अक्का. तुला एकटीलाच सांगितलो होतो." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात तिची बस आली आणि ती गेली. बस मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकून उभी राहिलेली मला बराच वेळ लांबून दिसत होती. धावत जाऊन तिला गाठता आलं असतं. मी गेले नाही.

त्यानंतर ती वरच्या मजल्यावरच्या टेस्टिंगच्या टीममध्ये बदली मागून गेली. तिथे माणसं कमी, खुर्च्या लांब लांब. पुढे पक्कीही झाली. पेढे वाटले तेव्हा एक माझ्या टेबलावर ठेवून गेली होती, मी जेवायला गेले असताना. मी फोन केला, तो तिने उचलला नाही. मग मेसेज आला, थँक्स, आणि एक हसरा चेहरा. अक्का नव्हतं.

माझ्या उजव्या हाताचं शेवटी ऑपरेशन झालंच. डॉक्टर म्हणाले, कीबोर्ड उशिरा आला, दाबलेली नस तोवर बरीच दुखावली होती. आता कणीक मळता येते, कुकर लावता येतो, करंगळीचं टोक मात्र अजून बधिर आहे. मागच्या खुर्चीवरच्या माणसाची मी माफी मागितली, कारण न सांगता. तो म्हणाला, जिन्यात रेंज चांगली येते. बरा माणूस निघाला.

गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये निपाणीची भेटली. आम्ही दोघीच होतो. केस कापले होते तिने, कान झाकतील असे. मी म्हणाले, "कशी आहेस? लग्नाचं ठरलं म्हणे?" ती हो म्हणाली, मुलगा हुबळीचा आहे, इथेच नोकरीला. मला खरंच आनंद झाला आणि मी तसं बोलले. ती माझ्या हाताकडे बघत होती, ऑपरेशनचा व्रण दिसतो तिथे. मला वाटलं, विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, या वेळी खरं.

ती जरा जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "अक्का, तू कानाचं कुणाला बोलली नाहीस न्हवं?"

"नाही गं," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

तिने मान डोलावली. लिफ्ट थांबली, दोघं-तिघं आत शिरले, आणि ती त्यांच्यामधून वाट काढत तिच्या मजल्यावर उतरून गेली.